मोटर फिरवते, दात कापतो

अमेरिका आणि कॅनडाच्या जंगलपट्ट्यांत एक जुना विनोद सांगतात. दुकानदार एका लाकूडतोड्याला चेन सॉ विकतो आणि सांगतो, या करवतीने दिवसाला पन्नास झाडे सहज पडतील. दुसऱ्या दिवशी तो गडी घामाघूम होऊन परत येतो. दिवसभर राबलो, एकच झाड पडले, करवत बिघडलेली आहे, अशी त्याची तक्रार असते. दुकानदार करवत हातात घेतो, दोरी खेचतो आणि इंजिन गरजायला लागते. लाकूडतोड्या दचकून मागे सरतो आणि विचारतो, "हा कसला आवाज?"

गंमत अशी की चेन सॉची रचना पाहिली तर त्या बिचाऱ्याचे ते एक झाडही पडले नसते. या करवतीत इंजिन आणि साखळी यांच्यामध्ये एक क्लच असतो. इंजिनाचा वेग वाढला की क्लचचे तुकडे बाहेरच्या बाजूला फेकले जातात, भोवतालच्या डब्याला घट्ट टेकतात आणि साखळी फिरू लागते. वेग उतरला की ते आत येतात आणि साखळी मोकळी होते. इंजिन बंद असताना ती मोकळीच असते. अशी करवत झाडावर ठेवून आपल्याकडे ओढली तर दात लाकडात रुततात, पण साखळी मोकळी असल्यामुळे ती जागच्या जागी राहते आणि जिच्याभोवती ती फिरते ती पट्टी तेवढी आतून सरकते. उलट ढकलली तर दातांची पाठ लाकडावर घासते. चेन ब्रेक लावून साखळी अडकवली असती, तर थोडेफार ओरखडे उठले असते.

या विनोदात यांत्रिक करवतींविषयीच्या बहुतेक गैरसमजांचे मूळ आहे. हातकरवत चालवताना दात कुठे अडतो, कुठे सरकतो, हे मनगटाला लगेच कळते. मोटर आली की सगळे लक्ष आवाज, वेग आणि अश्वशक्ती यांच्याकडे जाते आणि दात नजरेआड होतो. पण मोटर फक्त फिरवते. कापण्याचे काम आजही दातच करतो. तो कुठून येतो, लाकडात काय करतो आणि कुठून बाहेर पडतो, एवढे समजले की अनेक कोडी सुटतात आणि बोटेही वाचतात.

उलटे लावलेले पाते

नवी करवत आणली, जोडली, सुरू केली. लाकूड कापले जात नाही, नुसता धूर निघतो आणि काप काळा पडतो. दुकानदारांकडे येणारी ही नेहमीची तक्रार. अनेकदा यंत्रात काहीच दोष नसतो. पाते किंवा साखळी उलटी लावलेली असते.

गोल पात्याचा दात नीट पाहिला तर त्याची एक बाजू धारदार आणि दुसरी तिरकी उतरती दिसते. धारेची बाजू पुढे असेल तर दात लाकडात शिरतो, एक बारीक ढलपी सोलतो आणि ती आपल्या पुढच्या खाचेत घेऊन बाहेर पडतो. बाहेर आल्यावर ढलपी खाचेतून उडून जाते आणि खाच रिकामी होते. पाते उलटे असेल तर तिरकी पाठ पुढे येते. ती सोलत नाही, घासते. घासण्यातून उष्णता, उष्णतेतून धूर. म्हणूनच प्रत्येक पात्यावर आणि करवतीच्या झाकणावर बाण काढलेला असतो. दोन्ही बाण एकाच दिशेला हवेत.

पाते बदलताना आणखी एक घोळ होतो. नट सोडवायला जावे तर तो आणखी घट्ट होतो. करवत चालू असताना नट आपोआप सैल होऊ नये, म्हणून त्याचे आटे अशा दिशेचे ठेवतात की पात्याच्या फिरण्याने तो घट्टच होत राहावा. त्यामुळे साधा नियम असा की पाते ज्या दिशेला फिरते त्याच दिशेला पाना फिरवला की नट सुटतो. अर्थात, आधी प्लग काढून.

अळीने शिकवलेली साखळी

चेन सॉच्या साखळीला हातकरवतीसारखे टोकदार दात असतात, असा समज सर्रास आढळतो. सुरुवातीच्या साखळ्या खरोखर तशाच होत्या. त्या लाकूड ओरबाडत, लवकर बोथट होत आणि कानस मारण्यात माणसाचा बराच वेळ जाई.

हे बदलले ते अमेरिकेच्या ओरेगन राज्यात. जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या १९४६ साली एक बुंधा न्याहाळत होता. त्यात लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची जाडजूड अळी होती. ती लाकडाच्या रेषेच्या दिशेने आणि रेषेला आडवी, दोन्हीकडे सारख्याच सहजतेने पुढे सरकत होती. तिचे जबडे इंग्रजी सी अक्षरासारखे वळलेले होते आणि ती डावीउजवीकडे आळीपाळीने लाकूड सोलत होती. कॉक्सने तेच वळण साखळीच्या दातांना दिले आणि १९४७ साली पोर्टलंडमध्ये ओरेगन सॉ चेन नावाची कंपनी काढली. आजच्या साखळ्या त्याच कल्पनेवर चालतात.

आजच्या साखळीचा प्रत्येक दात म्हणजे सुताराचा एक छोटा रंधा आहे. रंध्याचे पाते तळातून किती बाहेर आहे, यावर ढलपीची जाडी ठरते. साखळीत तळाचे काम दातापुढचा एक छोटा उंचवटा करतो. तो दाताच्या धारेपेक्षा साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर खाली असतो. धार त्याहून खोल जाऊ शकत नाही. एक दात उजवी बाजू सोलतो, पुढचा डावी. पुन्हा पुन्हा धार लावली की दात झिजून खाली येतो, पण उंचवटा तेवढाच राहतो. मग साखळी कितीही धारदार असली तरी कापत नाही आणि माणूस कारखान्याला दोष देत बसतो. दातांबरोबर उंचवटाही थोडा कानसला की काम होते. मात्र तो जास्त खाली नेला तर दात गरजेपेक्षा मोठा घास घेतात आणि करवत हिसके मारू लागते.

साखळी बोथट झाली की नाही, हे खाली काय पडते यावर ओळखता येते. ढलप्या पडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडत असेल तर दात सोलत नाहीत, खरवडताहेत. अशा वेळी करवत जोराने दाबण्याचा मोह होतो. दाबल्याने काम वाढत नाही. इंजिनाचा वेग उतरतो, पट्टी तापते आणि माणूस थकतो.

तेलाचाही एक घोळ असतो. पेट्रोलच्या चेन सॉला दोन टाक्या असतात. एकीत तेल मिसळलेले पेट्रोल जाते. बऱ्याच करवतींना हे प्रमाण पन्नासास एक, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर असे असते. दुसरीत साखळीसाठीचे तेल. ते पट्टीवर पसरते आणि साखळी फिरताना उडून संपते. म्हणून ते पुन्हा पुन्हा भरावे लागते. आपली करवत विजेवरची आहे, तिला तेलाची काय गरज, असे समजून बरेच जण ही टाकी कोरडी ठेवतात. साखळी आणि पट्टीचे घर्षण मोटर कोणतीही असली तरी तेवढेच असते.

चेन सॉचा शोध बाळंतपणासाठी लागला, ही माहिती हल्ली मोबाइलवरून फिरते आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. डोळ्यांसमोर धडधडणारे इंजिन उभे राहते. खरी गोष्ट अशी की अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन ऐटकेन आणि जेम्स जेफ्री या स्कॉटिश डॉक्टरांनी हाड कापण्यासाठी दातेरी कडेची एक बारीक साखळी वापरली. तिच्या दोन्ही टोकांना मुठी होत्या आणि ती हातांनी मागेपुढे ओढायची. अडलेल्या बाळंतपणात ओटीपोटाच्या हाडांचा सांधा मोकळा करणे हा तिचा एक उपयोग होता. पुढे १८३०च्या सुमारास जर्मनीत बर्नहार्ड हाइने यांनी पट्टीभोवती साखळी फिरवणारे हाडे कापण्याचे यंत्र बनवले. तेही हाताने फिरवायच्या दांड्यावर चाले. झाडे कापणारी चेन सॉ १९२०च्या दशकात जर्मनीत उभी राहिली, ती आंद्रेआस श्टील आणि एमिल लेर्प यांच्या कामातून.

जास्त दात म्हणजे चांगले पाते?

दुकानात दोन पाती शेजारी टांगलेली असतात. एकाला २४ दात, दुसऱ्याला ८०. गिऱ्हाईक ८० दातांचे उचलते, कारण जास्त दात म्हणजे जास्त कापणार. घरी येऊन जाड सागाची फळी उभी चिरायला घेतली की पाते तापते, काप जळतो आणि काम रखडते.

कारण लाकडाच्या रचनेत आहे. लाकूड म्हणजे एका दिशेने गेलेल्या बारीक नळ्यांचा भारा. रेषेच्या दिशेने चिरताना दात या नळ्या लांब लांब सोलतो. ढलप्या मोठ्या निघतात आणि त्या मावायला दातांमधली खाच मोठी लागते. म्हणून १० इंची पात्याला उभ्या चिरणीसाठी २४ ते ३० दात पुरतात आणि त्यांची टोके पटाशीसारखी सपाट असतात. आडवे कापताना मात्र त्याच नळ्या तोडायच्या असतात. त्यासाठी दातांची टोके आळीपाळीने डावीउजवीकडे तिरपी घासलेली असतात, म्हणजे ती आधी सुरीसारखी तंतू कापतात. प्लाय किंवा सनमायका यांच्या स्वच्छ कापासाठी असे ६० ते ८० दात उपयोगी पडतात. तेच पाते उभ्या चिरणीत घातले की लहान खाचा लगेच भरतात. भरलेल्या खाचेचा दात कापू शकत नाही, फक्त घासतो.

हरवलेले नऊ मिलिमीटर

प्लायचा ८ बाय ४ फुटांचा बोर्ड १२२० मिलिमीटर रुंद असतो. त्याच्या ३०५ मिलिमीटरच्या चार सारख्या पट्ट्या करायच्या. कागदावर हिशेब चोख बसतो. कापून झाल्यावर चौथी पट्टी भरते २९६ मिलिमीटर. मग टेप खोटा, खुणा चुकल्या, मिस्त्रीचा हात हलला, असे आरोप सुरू होतात.

नऊ मिलिमीटर भुशात गेलेले असतात. पात्याला स्वतःची जाडी असते. त्यातही दात पात्याच्या अंगापेक्षा थोडे रुंद ठेवलेले असतात. हातकरवतीत ते आळीपाळीने डावीउजवीकडे वळवतात, तर कार्बाइडच्या पात्यांत पोलादी चकतीला झाळून बसवलेला तुकडाच रुंद असतो. असे केले नाही तर पात्याचे अंग कापात अडकून बसेल. म्हणून कापाची रुंदी तीन मिलिमीटर धरली तर तीन कापांत नऊ मिलिमीटर जातात. अनुभवी मिस्त्री खुणेच्या रेषेवर कापत नाही. रेषेच्या कोणत्या बाजूने पाते जाऊ द्यायचे हे तो आधी ठरवतो आणि प्रत्येक कापानंतर पुढची खूण नव्याने घेतो.

चांगली बाजू वर की खाली?

सनमायकाची कड कपचे निघून खराब होते, तेव्हा दोष धारेला दिला जातो. धार चांगली असूनही असे होते, कारण दात जिथून बाहेर पडतो तिथे लाकडाला मागून आधार नसतो. आत शिरताना तंतू दाबले जातात, बाहेर पडताना उचकटतात.

हातात धरायच्या गोल करवतीचे दात पुढच्या भागात खालून वर येतात. म्हणजे वरची बाजू खराब होणार; चांगली बाजू खाली ठेवायची. टेबल सॉमध्ये पाते खालून वर डोकावते आणि आपल्याकडचे दात वरून खाली जातात. तिथे चांगली बाजू वर. एक पद्धत एका यंत्रावर शिकून दुसऱ्यावर तशीच वापरली की माल वाया जातो. जिगसॉचे पाते बहुधा वर येताना कापते, म्हणून तिथेही चांगली बाजू खाली.

या जिगसॉची जन्मकथाही दाताच्या हालचालीचीच आहे. १९४६ साली स्वित्झर्लंडमधल्या सिंटिला कंपनीतले अभियंता आल्बर्ट काउफमान यांनी पत्नीच्या शिलाई यंत्रातली सुई काढून तिथे करवतीचे पाते बसवले. सुई वरखाली होते तसे पातेही होऊ लागले आणि वळणदार काप घेणारे यंत्र तयार झाले. पण दात वर खेचताना लाकडालाही वर उचलू पाहतो. करवतीचा तळ लाकडावर दाबून धरला नाही तर सगळे थरथरू लागते, आणि नवशिक्याला वाटते यंत्रच खिळखिळे आहे.

करवत ओढत नाही, फेकते

फिरते पाते माणसाला आपल्याकडे ओढून घेते, अशी भीती अनेकांच्या मनात असते. टेबल सॉवर जास्त वेळा घडते ते उलटे. लाकूड माणसाच्या अंगावर येते.

इथे पात्याच्या मागच्या बाजूचे दात पाहायला हवेत. समोरचे दात खाली जाऊन लाकूड टेबलावर दाबतात. मागचे दात मात्र वर येत असतात. कापलेली फळी तिच्या आतल्या ताणामुळे मिटून पात्याला चिकटली, किंवा वाकडी होऊन मागच्या दातांवर टेकली, की ते दात तिला उचलतात आणि समोर उभ्या माणसाकडे भिरकावतात. १० इंची पाते मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल तर दातांचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. या वेगाने सुटलेली फळी कुणाच्या ताकदीने अडत नाही. म्हणून पात्यामागे एक पातळ पोलादी पाते उभे असते. ते कापाच्या दोन बाजू मिटू देत नाही आणि लाकूड मागच्या दातांवर जाऊ देत नाही. अडचण वाटते म्हणून पुष्कळ जण नेमके तेच काढून ठेवतात. चेन सॉमध्येही असाच एक भाग आहे: पट्टीच्या टोकाचा वरचा पाव भाग. तो लाकडाला टेकला की साखळीचे दात तिथे अडतात आणि पट्टी वर, माणसाच्या तोंडाकडे उसळते.

हातमोजे घातले की हात सुरक्षित, हा समज तितकाच महाग पडतो. फिरत्या पात्याला मोज्याचा एक धागा सापडला तरी मोज्याबरोबर हात आत जातो. सैल बाही, गळ्यातला पंचा, ओढणी यांचेही तेच. आणि बटण बंद केले म्हणजे पाते थांबले, असे होत नाही. ब्रेक नसलेले पाते काही सेकंद फिरतच राहते.

जिथे घाबरायचे नाही तिथे घाबरणे

याच्या अगदी उलट चित्र हाडांच्या दवाखान्यात दिसते. प्लास्टर काढायला डॉक्टरांनी गोल पात्याचे यंत्र हातात घेतले की लहान मूल आकांत करते, मोठी माणसेही डोळे मिटतात. ते पाते गोल फिरतच नाही. ते अगदी लहान कोनात, मिनिटाला हजारो वेळा, मागेपुढे थरथरते. कडक प्लास्टर हलू शकत नाही, म्हणून दात त्याला झिजवतो. त्वचा मऊ आहे. ती पात्याबरोबर तेवढीच हलते आणि दाताला तिच्यावर सरकायला जागा मिळत नाही. अमेरिकन अस्थिशल्यविशारद होमर स्ट्रायकर यांनी १९४०च्या दशकात हे यंत्र बनवले. पाते तापून चटका बसू शकतो आणि ते त्वचेवरून ओढले तर जखमही होते, म्हणून डॉक्टर ते दाबून उचलतात, पुढे सरकवत नेत नाहीत.

बोट लागताच थांबणाऱ्या सॉस्टॉप या टेबल सॉबद्दलही असाच एक समज आहे: यंत्र बोट ओळखते. स्टीव्ह गॅस या अमेरिकन पेटंट वकिलाला, ज्याने भौतिकशास्त्रात डॉक्टरेटही केली आहे, १९९९ साली ही कल्पना सुचली. पात्यावर विजेचा अगदी क्षीण संकेत सोडलेला असतो. शरीर वीजवाहक असल्यामुळे बोट टेकताच तो संकेत बदलतो. स्प्रिंगने सुटणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसतो आणि सुमारे पाच हजारांश सेकंदात पाते थांबते. प्रात्यक्षिकात बोटाऐवजी हॉटडॉग वापरतात आणि त्याला जेमतेम ओरखडा उठतो. यंत्राला बोट माहीत नाही, विजेचा फरक माहीत आहे. म्हणून ओले लाकूड किंवा लाकडातला खिळासुद्धा त्याला थांबवू शकतो.

आपल्या कामांवरची करवत

पुण्या-मुंबईत किंवा कुठल्याही तालुक्याच्या गावात फर्निचरचे काम चालू असेल तिथे ४ इंची मार्बल कटर दिसतो. दगड आणि लादी कापण्यासाठी बनवलेल्या या यंत्राला लाकडाचे दातेरी पाते लावतात. बऱ्याचदा तो प्लायच्या तुकड्याखाली उलटा बसवून त्याचा टेबल सॉ करतात. काही जण ग्राइंडरलाही तसलेच पाते चढवतात. यंत्र स्वस्त आहे, हलके आहे, म्हणून हे घडते, आणि ते करणारे लोक आपल्या कामात कुशल असतात. पण मूळ यंत्राच्या चकतीला दात नसतात. ती हिऱ्याच्या कणांनी दगड झिजवते. दाताने पकडणे, उचलणे, फेकणे हे प्रश्न तिच्यापुढे येत नाहीत, म्हणून पात्यामागचे ते पातळ पोलादी पाते त्या यंत्रात नसते. चकतीच्या जागी दात आले की हे सगळे धोके येतात, संरक्षण मात्र येत नाही. वेगही कमी नाही. ११० मिलिमीटरचे पाते मिनिटाला १२,००० फेरे घेते तेव्हा दात ताशी जवळपास २५० किलोमीटरने जातो. म्हणून पात्यावर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगापेक्षा जास्त आहे ना, हे पाहिल्याशिवाय ते चढवू नये.

कामावर नवा पोऱ्या आला की त्याला पहिल्या दिवशी टेप धरायला आणि प्लाय उचलायला शिकवतात. त्याच दिवशी दहा मिनिटे आणखी द्यावीत. प्लग काढावा, आणि काढलेला प्लग त्याच्या समोर ठेवावा. पात्याच्या एका दातावर खडूची खूण करावी. मग लाकडाच्या पट्टीने पाते हळूहळू फिरवून त्याला दाखवावे: हा दात इथून लाकडात शिरतो, इथून बाहेर पडतो, मागे गेल्यावर असा वर येतो, आणि फळी इथे टेकली तर ती या दिशेने उडेल. मग त्याला विचारावे, उभे कुठे राहायचे? हे उत्तर त्याने स्वतः दिले की बटण त्याच्या हाती द्यायला हरकत नाही.